तिवशाचा खतढीग, लोणारचे खारे पाणी

शेण, गोठ्यातला केरकचरा, सोयाबीनचे कुटार आणि थोडी माती असा ताजा ढीग रचून त्यावर पाणी शिंपडले, की तिवसा तालुक्यातल्या कुठल्याही वावरात एक गोष्ट हमखास घडते. चार-सहा दिवसांत ढिगाचे पोट तापते. फावड्याने तो फोडला तर आतून वाफ निघते आणि हात आत धरवत नाही. ढीग चांगला मोठा असेल, ओल पुरेशी असेल आणि हवा खेळती असेल, तर आतले तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. वैशाखातल्या उन्हाचे हे काम नव्हे, कारण पौषातल्या थंड पहाटेही असा ढीग तेवढाच गरम असतो.

ही उष्णता सूक्ष्मजीवांची आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत साधे जिवाणू कचऱ्यातली साखर, पिष्ट आणि प्रथिने खातात. त्यांच्या श्वसनातून उष्णता बाहेर पडते आणि जाड थरांमुळे ती आतच कोंडून राहते. पारा ४५ अंशांच्या पुढे सरकला, की आपणच निर्माण केलेली ही उष्णता त्या जिवाणूंना सोसत नाही. काही मरतात, काही बीजाणूंच्या कवचात निपचित पडतात. मग उष्णताप्रेमी सूक्ष्मजीवांची फळी पुढे येते. ढीग उलथताना राखेसारखा पांढरट थर दिसतो, तो त्यांच्यापैकीच ॲक्टिनोमायसिटिस नावाच्या गटाचा. पऱ्हाटीसारख्या कडक काडीतले सेल्युलोज फोडण्याचे अवघड काम हे जीव करतात. त्याच उष्णतेने तणांचे बी आणि रोगांचे जंतू मरतात, म्हणून नीट तापलेले खत शेतात टाकले तर तण कमी उगवते. जाता जाता एक सांगितले पाहिजे. बुरसटलेला चारा किंवा जुने कुटार उपसताना तोंडाला फडके बांधावेच. या गटाच्या बीजाणूंची धूळ वर्षानुवर्षे फुफ्फुसात जात राहिली, तर ताप, खोकला आणि धाप लागण्याचा आजार जडतो. वैद्यकात त्याला ‘शेतकऱ्याचे फुफ्फुस’ असेच नाव आहे.

ज्या परिस्थितीत आपण तासभरही टिकणार नाही, तिथे सुखाने नांदणाऱ्या सूक्ष्मजीवांचा शोध घ्यायला माणूस समुद्रतळाशी गेला, ध्रुवांवर गेला, ज्वालामुखींच्या तोंडाशी गेला. तसे जीव तिवशाच्या खतढिगातही आहेत आणि वऱ्हाडात तर त्यांची एक जगप्रसिद्ध वसाहत आहे. लोणारचे सरोवर पाहायला आपण जातो, कमळजा देवीचे दर्शन घेतो, उल्का कशी पडली असेल यावर बोलतो. त्या पाण्यात काय जगते आणि त्याचा जगाला काय उपयोग आहे, हे मात्र फारसे बोलले जात नाही. ते बोलले जावे, म्हणून हा लेख.

आधी उष्णतेची गोष्ट पुरी करू. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात थॉमस ब्रॉक हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ गरम झऱ्यांचे नमुने गोळा करत होते. त्या काळात समज असा होता, की ६० अंशांच्या पलीकडे फारसे जीवन नसावे. मश्रूम स्प्रिंग नावाच्या झऱ्यातून त्यांना एक जिवाणू मिळाला. ७० अंशांना तो उत्तम वाढत होता. १९६९ मध्ये त्यांनी त्याला थर्मस ॲक्वाटिकस हे नाव दिले आणि त्याचे वाण जिवाणूंच्या सार्वजनिक संग्रहात जमा केले. हेतू शुद्ध कुतूहलाचा होता. जीवनाची वरची मर्यादा कुठे आहे, एवढेच त्यांना पाहायचे होते.

पुढे १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची युक्ती सुचली. ही पीसीआर. डीएनएची जोडसाखळी ९४-९५ अंशांना तापवून उकलायची, मग थोडे गार करून प्रत्येक धाग्यावर नवा धागा विणून घ्यायचा, पुन्हा तापवायचे. दर फेरीत प्रती दुप्पट होतात, म्हणजे ३० फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींहून अधिक. अडचण एकच होती. धागा विणणारे विकर, म्हणजे एन्झाइम, आधी साध्या ई. कोलाय जिवाणूचे वापरत आणि ते प्रत्येक तापवणीत नासून जाई. दर फेरीला नळीचे झाकण उघडून नवे विकर घालावे लागे. थर्मस ॲक्वाटिकसचे विकर, टॅक पॉलिमरेज, १९७६ मध्येच वेगळे काढले गेले होते. ते वापरल्यावर अडचण संपली. एकदा घातले की पुरे, आणि बाकी काम यंत्र करते. मुलिस यांना १९९३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

कोविडच्या काळात नाकातून काडी घालून घेतलेल्या स्वॅबची आरटीपीसीआर तपासणी आपल्यापैकी बहुतेकांनी करून घेतली आहे. अमरावतीत संत गाडगेबाबा विद्यापीठातही तेव्हा तपासणीची प्रयोगशाळा उभी राहिली होती. अहवाल पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, हे ठरवणाऱ्या त्या चाचणीचे काम टॅक किंवा त्याच्याच घराण्यातल्या विकरांवर चालते. आणि १९९६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी ६० ते ८० अंशांपर्यंत तापलेल्या कंपोस्ट ढिगांतून थर्मस वंशाचेच जिवाणू वेगळे केले. यलोस्टोनच्या झऱ्यातल्या जिवाणूचे भाऊबंद खताच्या ढिगातही राहतात, हे त्यातून कळले.

ढिगातला दुसरा रहिवासी जिओबॅसिलस. त्याच्या एका जातीचे बीजाणू इतके चिवट असतात, की दवाखान्यात शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करणारे यंत्र बरोबर काम करते की नाही, हे पाहायला तेच वापरतात. बीजाणूंची पट्टी हत्यारांबरोबर आत ठेवायची. १२१ अंशांच्या वाफेत ते मेले, तर बाकीचे जंतू मेले असे खात्रीने म्हणता येते.

आता प्रश्न असा, की अंडे उकडले की त्याचे प्रथिन गोठते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही, मग या जिवाणूंची प्रथिने ७० अंशांना का गोठत नाहीत? प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती विशिष्ट प्रकारे दुमडलेली असेल तरच काम करते. उष्णतेने ती घडी उलगडते. उष्णताप्रेमी जीवांच्या प्रथिनांत तीच वीस अमिनो आम्ले असतात, परंतु त्यांची निवड आणि मांडणी वेगळी असते. धन आणि ऋण भाराच्या अमिनो आम्लांमध्ये जास्त बंध असतात, आतला गाभा जास्त घट्ट बसलेला असतो, सैल लोंबणारे फाटे कमी असतात. एखाददुसरा बंध इकडचा तिकडे, एवढ्या फरकाने एक प्रथिन उकळीजवळच्या पाण्यात तग धरते. अशा जीवांच्या अंगी कुठलेही गूढ द्रव्य नसते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मांडणी समजून घेता येते आणि समजली, की ती प्रयोगशाळेत दुसऱ्या प्रथिनात उतरवताही येते.

उष्णतेची मर्यादा आज १२२ अंशांवर आहे. समुद्रतळावरच्या गरम विवरांत सापडलेला मेथॅनोपायरस हा जीव प्रचंड दाबाखाली त्या तापमानालाही वाढतो. १९५६ मध्ये अमेरिकेत किरणोत्साराने निर्जंतुक केलेल्या मांसाच्या डब्यात डायनोकॉकस हा जिवाणू सापडला. माणसाला मारणाऱ्या मात्रेच्या हजारपट किरणोत्सार तो सोसतो आणि तुकडे तुकडे झालेला आपला डीएनए काही तासांत पुन्हा जुळवतो. तांब्याच्या हलक्या प्रतीच्या खनिजातून धातू सोडवायला तीव्र आम्लात जगणारे जिवाणू अनेक देशांतल्या खाणी वापरतात. यादी मोठी आहे, पण आपल्याला जायचे आहे लोणारला, म्हणून तिकडे वळू.

बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर बेसॉल्ट खडकात आहे. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली काठापासून सुमारे १३७ मीटर. वयाबद्दल मतभेद आहेत. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. विवराला बाहेर जाणारी वाट नाही. पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी आत येते, आणि जाते ते फक्त वाफ होऊन. येताना त्या पाण्यात बेसॉल्टमधून सुटलेले क्षार विरघळलेले असतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कार्बोनेटच्या रूपाने तळाशी बसतात आणि पाण्यात सोडियमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि मीठ साठत राहते. म्हणून लोणार नुसते खारट नाही, ते सोड्याचे सरोवर आहे. अबुल फजलच्या आइन-ए-अकबरीत लोणारच्या खाराची नोंद आहे, काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो म्हणून. कमळजा देवीच्या देवळाजवळची सासू-सुनेची विहीर तर वऱ्हाडात सगळ्यांना ठाऊक आहे. एका बाजूचे पाणी गोडे आणि दुसऱ्या बाजूचे खारे, कारण झऱ्याचे आणि सरोवराचे पाणी तिथे भेटते.

शुद्ध पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ७ असतो. लोणारचा ९.५ ते १०.५ च्या आसपास, म्हणजे ते पाणी चांगलेच अल्क आहे. सामूची एक पायरी म्हणजे दहापट फरक, तेव्हा १० सामूच्या पाण्यात हायड्रोजनचे आयन शुद्ध पाण्याच्या हजाराव्या हिश्शाने असतात. पेशीला हे जड जाते. बहुतेक जिवाणू बाहेरून आत शिरणाऱ्या हायड्रोजन आयनांच्या ओघावर आपली ऊर्जा तयार करतात, आणि इथे बाहेर ते आयनच दुर्मीळ. अल्कप्रेमी जिवाणू त्यावर दोन उपाय करतात. आतला सोडियम बाहेर फेकून त्या बदल्यात हायड्रोजन आत खेचणारे पंप त्यांच्या आवरणात असतात, त्यामुळे बाहेर सामू १० असला तरी पेशीच्या आत तो आठ-साडेआठच राहतो. आणि पोहण्यासाठी शेपटी फिरवायला त्यांच्यापैकी अनेक जण हायड्रोजनऐवजी सोडियमचाच ओघ वापरतात. जे विपुल आहे त्यावर संसार चालवायचा, अशी ही रीत.

पेशीच्या आत सौम्य वातावरण ठेवता येते, परंतु अन्न पचवण्यासाठी जिवाणू जी विकरे बाहेर सोडतात, ती मात्र थेट १० सामूच्या पाण्यात पडतात. त्यांना तिथे काम करता आलेच पाहिजे. उद्योगाला हवे असते ते नेमके हेच. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणीही ९ ते १०.५ सामूचेच असते. त्यात साधे विकर घातले तर ते लगेच निकामी होते. सोड्याच्या सरोवरातल्या किंवा अल्क मातीतल्या जिवाणूचे प्रोटिएज, म्हणजे प्रथिन फोडणारे विकर, घातले, तर ते रक्ताचा, दुधाचा, वरणाचा डाग शांतपणे फोडत राहते.

या विचाराला जगात वाट करून दिली ती जपानचे कोकी होरिकोशी यांनी. १९६८ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सला गेले असताना त्यांच्या मनात आले, की एकमेकांना अनोळखी अशा मानवी संस्कृती एकाच काळी फुलत होत्या, तसे आपल्याला अनोळखी असे सूक्ष्मजीवांचे जगही असेल. परत जाऊन त्यांनी जिवाणूंच्या नेहमीच्या खाद्यात एक टक्का धुण्याचा सोडा घातला आणि त्यात साध्या मातीचे नमुने टाकले. दुसऱ्या दिवशी सगळ्या नळ्यांत जिवाणू वाढलेले होते. तोवर अशा जिवाणूंकडे फार थोड्यांनी लक्ष दिले होते. १९७१ मध्ये त्यांनी अल्क परिस्थितीत काम करणाऱ्या प्रोटिएजवर पहिला निबंध प्रसिद्ध केला. पुढे सेल्युलोज फोडणारे अल्क सेल्युलेज आले आणि १९८७ मध्ये जपानच्या काओ कंपनीने ते घातलेली ‘अटॅक’ ही पावडर बाजारात आणली. डब्याचा आकार लहान झाला, कारण तेवढ्याच कपड्यांना आता कमी पावडर पुरू लागली. होरिकोशींची माती साधी होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. वऱ्हाडातली काळी माती मुळातच थोडी अल्क असते, तेव्हा इथल्या मातीतही त्यांचे नातलग असणारच.

लोणारच्या जिवाणूंवर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. प्रज्ञा काणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे काम केले. सरोवरातल्या अल्कप्रेमी जिवाणूंच्या प्रोटिएजवरचा त्यांचा निबंध २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. अमरावती विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागानेही लोणारच्या जिवाणूंवर आणि त्यांच्या विकरांवर निबंध प्रसिद्ध केले आहेत. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी लोणारमधून विज्ञानाला पूर्वी ठाऊक नसलेल्या जाती वेगळ्या केल्या. त्यांतल्या एकीचे नाव इंडिबॅक्टर अल्कलीफिलस, दुसरीचे सेसेम्बिया लोणारेन्सिस. सेसेम्बिया हे सीसीएमबी या आद्याक्षरांवरूनच घडवलेले नाव आहे. बॅसिलस लोणारेन्सिस ही आणखी एक जात. लोणारचे नाव अशा रीतीने जगभरच्या जिवाणूंच्या यादीत कायमचे गेले आहे.

वऱ्हाड कापसाचा, म्हणून कापडाचा एक उपयोग इथे सांगतो. विणण्याआधी ताण्याच्या धाग्याला पिष्टाची खळ लावतात. कापड तयार झाल्यावर ती खळ काढावी लागते. गरम पाण्यात टिकणारे अमायलेज हे विकर ते काम धाग्याला इजा न करता करते. कापसाच्या तंतूवर मेण आणि पेक्टिनचा पातळ थर असतो. तो काढल्याशिवाय रंग नीट बसत नाही. हे काम गिरण्या कॉस्टिक सोड्यात कापड उकळून करत आल्या आहेत, आणि त्यात इंधन, पाणी आणि सांडपाण्याचा त्रास तिन्ही वाढतात. अल्क पेक्टिनेज हे विकर तोच थर कमी तापमानाला सोडवते. आपल्या भागातला कापूस गाठी होऊन बाहेर जातो आणि कापड होऊन परत येतो. त्या प्रवासात ज्या विकरांचा हात त्याला लागतो, त्यांचे कारखाने बहुतेक परदेशी कंपन्यांचे आहेत, ही खंत मला लपवावीशी वाटत नाही.

प्लास्टिकचे उदाहरण त्याहून मोठे आहे. हॅलोमोनास वंशातले काही जिवाणू खाणे भरपूर पण नायट्रोजन कमी असला, की जास्तीचा कार्बन पेशीत दाण्यांच्या रूपाने साठवतात. हे दाणे पीएचए नावाच्या पॉलिमरचे असतात. त्यांपासून केलेले प्लास्टिक मातीत जिवाणूच खाऊन टाकतात. लोणारमधून मिळालेल्या हॅलोमोनासवर आघारकर संस्थेत यासाठी काम झाले आहे. इथे खाऱ्या, अल्क पाण्याचा एक फायदा कळीचा ठरतो. एरवी जिवाणूंच्या टाक्या वाफेने निर्जंतुक कराव्या लागतात, कारण एक परका जंतू शिरला तरी अख्खी टाकी वाया जाते. सोड्याच्या खारट पाण्यात परका जंतू सहसा जगत नाही, त्यामुळे हा खर्च बराच वाचतो. चीनमधल्या त्सिंगहुआ विद्यापीठातल्या संशोधकांनी शिनजियांगमधल्या एका खाऱ्या सरोवरातला हॅलोमोनास घेऊन हाच मार्ग उद्योगापर्यंत नेला आहे.

लोणारच्या हिरव्या रंगाचे कारण आर्थ्रोस्पायरा, म्हणजे बाजारात स्पायरुलिना या नावाने विकली जाणारी नीलहरित जिवाणूंची जात. फ्लेमिंगोंचे हेच खाद्य. स्पायरुलिनाच्या टाक्यांत लिटरमागे १६-१७ ग्रॅम खाण्याचा सोडा घालतात, म्हणजे टाकीत छोटे लोणारच तयार करतात. सुक्या स्पायरुलिनात निम्म्याहून अधिक प्रथिन असते. मात्र तिच्यातल्या बी-१२ जीवनसत्त्वाचा गवगवा फार होतो आणि तो बरोबर नाही. तिच्यातले बहुतेक बी-१२ माणसाच्या शरीराला न वापरता येणाऱ्या रूपात असते. शाकाहारी माणसाने त्या भरवशावर राहू नये.

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि देशभर चर्चा झाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. आघारकर संस्थेने नमुने तपासून सांगितले, की हा रंग मीठप्रेमी हॅलोआर्कियांचा आहे. पाणी आटले होते, खारटपणा वाढला होता, म्हणून त्यांची संख्या वाढली. हे जीव तळाशी बसले, की वरचे पाणी पुन्हा नितळ दिसत होते. आर्किया ही जिवाणूंहून वेगळी, जीवनाची स्वतंत्र शाखा असल्याचे कार्ल वूझ यांनी १९७७ मध्ये दाखवले. आपल्या गोबरगॅसच्या टाकीत मिथेन तयार करणारे जीवही याच शाखेतले. लोणारच्या गाळातही मिथेन करणारे आर्किया आहेत.

हॅलोआर्किया बाहेरच्या मिठाशी बरोबरी करायला पेशीत पोटॅशियम क्लोराइड भरून घेतात. त्यांची प्रथिने त्या खारटपणाला इतकी सरावलेली असतात, की गोड्या पाण्यात टाकल्यावर ती विस्कटतात आणि पेशी फुटते. दुसरे मीठप्रेमी जिवाणू एक्टोइनसारखी रसायने बनवून पाणी धरून ठेवतात. हे एक्टोइन आज त्वचेच्या मलमांत आणि डोळ्यांच्या थेंबांत असते. जर्मनीत ते काढण्याची पद्धत मोठी सुंदर आहे. जिवाणू आधी दाट मिठाच्या पाण्यात वाढवतात, मग एकदम सौम्य पाण्यात घालतात. फुटू नये म्हणून जिवाणू स्वतःच एक्टोइन बाहेर टाकतो. ते गोळा करून त्याला परत मिठात सोडतात आणि तोच जिवाणू पुन्हा कामाला लागतो.

यातूनच लोणारची काळजी का घ्यायची, हे स्पष्ट होते. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. अभयारण्य तर ते आधीच होते. परंतु इथल्या जीवांना कुंपणापेक्षा पाण्याच्या रसायनाचे रक्षण हवे आहे. गोडे पाणी जास्त शिरले, गावाचे सांडपाणी किंवा शेतातली खते वाहून आली, तर खारटपणा आणि सामू बदलतो आणि हजारो वर्षांत जमलेली वस्ती साध्या डबक्यातल्या जंतूंना जागा करून देते. गेल्या शंभर वर्षांत सरोवराची क्षारता उतरल्याचे अभ्यासक सांगत आले आहेत. पाणी भरलेले दिसले, की आपल्याला बरे वाटते. लोणारच्या बाबतीत तसे वाटून घेऊ नये.

लोणारपेक्षाही आपल्या रोजच्या जगण्याशी जवळचा विषय खारपाणपट्ट्याचा आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीचे पाणी खारे लागते. पूर्वी त्या पाण्यातून मीठही काढत. तेच पाणी ओलिताला दिले, तर सोडियम काळ्या चिकणमातीला चिकटतो, मातीची रवाळ घडण मोडते आणि पाणी मुरेनासे होते. दर्यापूर, भातकुलीकडच्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. तिवसा वर्धेच्या अंगाला असल्याने या संकटातून बरेचसे वाचले. खाऱ्या पाण्याने अशा चोपण झालेल्या जमिनीत पिकाच्या मुळाशी राहणारे क्षारसहिष्णू जिवाणू नायट्रोजन धरून देतात, स्फुरद सोडवतात आणि ताण सोसायला झाडाला मदत करतात. केंद्रीय मृद लवणता संशोधन संस्थेच्या लखनौ केंद्राने ‘हॅलो-अझो’ आणि ‘हॅलो-पीएसबी’ ही अशी जिवाणू खते तयार केली आहेत. जिप्सम, सेंद्रिय खत आणि शेततळ्याचे गोडे पाणी यांना ती पर्याय नाहीत, जोड आहेत. माझे म्हणणे असे, की खारपाणपट्ट्याला बाहेरून आणलेल्या वाणापेक्षा तिथल्याच मातीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले जिवाणू जास्त मानवतील. त्यांचा शोध अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि अमरावतीचे विद्यापीठ यांनी मिळून घ्यायला हवा.

गरम पाण्याचे झरेही आपल्याकडे आहेत. मोर्शी तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी सालबर्डी आहे, नांदेड जिल्ह्यात पैनगंगेकडे उनकेश्वर आहे. उनकेश्वरच्या पाण्यातल्या समग्र डीएनएचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. अंग दुखते म्हणून आपण ज्या कुंडात डुबकी मारतो, त्याच कुंडाच्या दगडावरचा हिरवा-तपकिरी बुळबुळीत थर शास्त्रज्ञाला मोलाचा असतो.

मोल हा शब्द मी पैशाच्या अर्थानेही वापरतो आहे. थर्मस ॲक्वाटिकसच्या विकरावर उभ्या राहिलेल्या पीसीआरचे हक्क १९९१ मध्ये हॉफमन-ला रोश कंपनीने ३० कोटी डॉलरना विकत घेतले. ज्या झऱ्यातून जिवाणू आला, त्या यलोस्टोन उद्यानाला त्यातले काही मिळाले नाही. त्यानंतर अमेरिकेत लाभाच्या वाटपाची चर्चा सुरू झाली. भारतात २००२ च्या जैवविविधता कायद्याने हा प्रश्न हाताळला आहे. या कायद्यात जैविक संसाधन म्हणजे वनस्पती आणि प्राणी यांच्याबरोबर सूक्ष्मजीवही, असे स्पष्ट लिहिलेले आहे. परदेशी कंपनीला इथला जिवाणू न्यायचा असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते आणि लाभातला वाटा देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्राचे जैवविविधता मंडळ नागपूरला आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही लिहावी, हेही कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत आहे. पुण्याला राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात हजारो वाण गोठवून जपलेले आहेत, म्हणजे नमुना ठेवायला जागाही राज्यातच आहे.

या नोंदवह्यांत झाडे असतात, पक्षी असतात, औषधी वनस्पती असतात. खाऱ्या विहिरी, गरम कुंडे आणि चोपण जमिनी क्वचितच असतात. तिवसा, मोर्शी, दर्यापूर, लोणार अशा तालुक्यांतल्या विज्ञानशिक्षकांना आणि महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. थर्मामीटर आणि सामू मोजायची पट्टी घेऊन गावातल्या खतढिगाचे तापमान, विहिरीच्या पाण्याचा सामू आणि चोपण वावराची जागा लिहून काढा, आणि ती माहिती आपल्या ग्रामपंचायतीच्या समितीकडे नोंदवहीत घालायला द्या. ग्रामसभेच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या.